दाभण मंडळाची हिराकाकी

हिराकाकीची आणि माझी ओळख एका चपराकीने झाली. ती चपराक मी खाल्ली नाही, एवढंच माझं नशीब.

अलिबागहून रेवदंड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नारळी-पोफळीच्या वाड्या जिथे रस्त्याला अगदी खेटून येतात, तिथे माझं औषधांचं दुकान आहे. लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून मी त्या फळीमागे उभी आहे, आणि गावाचं पोट, गुडघे, रक्तदाब मला तोंडपाठ आहेत. आमच्या गावातल्या बायका पडण्यात फार पटाईत. मोरीत पडतात, माळ्यावरून पडतात, दारावर आपटतात, आणि पडताना नेमका डोळाच पुढे करतात. मलम न्यायला बहुतेक वेळा त्यांचे नवरेच येतात. त्या दिवशी असाच एक आला. मोटारसायकल चालूच ठेवून म्हणाला, "वैनी, सुजेवरचा मलम द्या. बायको पडली." आणि हसला.

त्याच्या मागे एक उंच, काळीसावळी म्हातारी बाई रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी थांबली होती. तिने विचारलं, "कुठं पडली रं?"

"मोरीत गो काकी."

"मोरीला पाच बोटं हायत काय? सकाळी पानवठ्यावर बघितला मी तिचा गाल."

आणि त्याने वळून उत्तर द्यायच्या आत तिचा हात त्याच्या तोंडावर बसला होता. आवाज असा झाला की समोरच्या वडापावच्या गाडीवरची माणसं उठून उभी राहिली. काकीने शांतपणे पदर सारखा केला, गोळ्यांची पट्टी उचलली आणि मला म्हणाली, "वैनी, ह्याला बी मलम द्या. दोन ट्यूबी द्या, एक तिला, एक ह्याला."

मी दोन दिल्या. काय करणार? माझाही गाल तिच्या हाताच्या टप्प्यात होता.

काकी आता नाही. तिचं मंडळ आहे, आणि दुकानामागच्या आमच्या पडवीत बायका अजून बसतात. पण पडवीत आता आवाज कमी असतो. काकी होती तेव्हा तो आवाज ऐकून गिऱ्हाईक विचारायचं, "मागं भांडण चाललंय काय?" मी सांगायची, "नाही, गोधडी चाललीय."

ती बौद्धवाडीतली. तरुणपणी मिठागरावर राबलेली, त्यामुळे पायाचे तळवे खरखरीत आणि तळहात फळीसारखे. चालताना हात मागे बांधून चालायची. ते मोकळे राहिले तर काय करतील याचा तिलाच भरवसा नसावा. मिश्रीने दात काळे. दोरा दाताने तोडायची आणि तोडलेला तुकडा थुंकताना समोर कोण आहे हे बघायची नाही. सुई बोटात घुसू नये म्हणून बोटाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेला, तो ती जेवतानाही काढत नसे.

तिचा नवराही मिठागरावरच होता. मीठ ओढायच्या लाकडी फावड्याचा दांडा तो घरी आणायचा आणि तो कशासाठी आणायचा हे सगळ्या वाडीला माहीत होतं. एकदा दारू पिऊन खाडीकडे गेला आणि दुसऱ्या दिवशी भरतीबरोबर परत आला. काकी सांगायची, "पाय घसरून पडला. आमच्या गावात तेवढा एकच मानूस खरंच पडला." हे सांगताना ती हसायची, आणि ऐकणारीला हसावं की नाही ते कळायचं नाही.

मंडळ सुरू झालं ते कुणी ठरवून नाही. काकी लोकांच्या गोधड्या शिवून द्यायची. दिवाळी झाली की बायका जुनी लुगडी, साड्या तिच्याकडे टाकायच्या. त्यातल्या एकीची साडी काकीने उलगडली तर काठाशी रक्ताचा तपकिरी डाग. काकीने ती साडी तशीच परत नेली आणि तिच्या पुढ्यात टाकली. "मी शिवनार न्हाय. तुज्या अंगावरचं हाय, तुज्या हातानं शिव. चल, शिकवते." ती बाई आली. तिच्यामागे तिची जाऊ आली. काकीच्या घरात जागा पुरेना, तेव्हा माझी पडवी गेली. मागितली असं म्हणणार नाही. एका सकाळी मी दुकान उघडलं तर माझे औषधांचे रिकामे खोके अंगणात होते आणि पडवीत गोधडी अंथरलेली होती.

नोंदणीची वेळ आली तेव्हा ग्रामसेवकाने नाव विचारलं. बायकांनी सखी, उन्नती, प्रगती अशी नावं सांगितली. काकी म्हणाली, "दाभण." गोधडी शिवायची लांब, जाड सुई, आमच्याकडे तिला दाभणच म्हणतात. ग्रामसेवक म्हणाला, "काकी, हे काय नाव झालं?" तिने केसांत खोवलेलं दाभण काढून त्याच्या टेबलावर, त्याच्या दोन बोटांच्या मधोमध रोवलं. "ह्ये. बगून लिवा, चुकायचं न्हाय." त्याने लिहिलं.

पडवीतले कायदे दोनच. पहिला कापडाचा. कापड कुणाचंही असो, आलं की सोड्याच्या पाण्यात उकळायचं, उन्हात कडकडीत वाळवायचं आणि फाटलं असेल तर आधी ते सांधायचं. "घान आत शिवली की गोधडी जलमभर वास मारते," ती म्हणायची. पडवीमागे चूल सदाची पेटलेली आणि तिच्यावर हंडा. बायकांच्या हाताला ते इतकं वळण पडलं होतं की कुणी पाव्हणी नुसती साडी बदलायला आली तरी तिची जुनी साडी हंड्यात जायची.

दुसरा कायदा असा की पडवीत 'पडले' म्हणायचं नाही. मार खाल्ला असेल तर 'मारलं' म्हणायचं, आणि कुणी मारलं त्याचं नाव घ्यायचं. जी 'पडले' म्हणेल तिच्या मांडीत काकी दाभण टोचायची. हे मी शोभेसाठी सांगत नाही. ती खरंच टोचायची. मंडळाच्या पहिल्या वर्षी धनुर्वाताच्या इंजेक्शनांचा माझा खप वाढला होता.

गोधडी बाहेरून आत शिवत जातात. चार बाजूंना बायका बसतात आणि टाक्यांचे वेढे घालत घालत मध्याकडे सरकतात. सुरुवातीला अंतर मोठं, त्यामुळे आरडाओरडा: सुकट काय भावाने आली, मांडव्याच्या बंगल्यातल्या मॅडमने काय खरकटं दिलं, कुणाची सून कशी निघाली. वेढा लहान होत जातो तसे आवाज उतरतात. शेवटी गुडघ्याला गुडघा लागतो, आणि त्या मधल्या हातभर जागेत बायका जे बोलायच्या ते मी पडद्यामागून ऐकलं आहे. कुणाला तव्याने भाजलेलं, कुणाला गरोदरपणात लाथ घातलेली. बोलताना हात थांबलेला काकीला चालत नसे. "शिव. शिवत शिवत सांग," एवढंच ती म्हणायची.

नवऱ्यांना हे कुठून रुचणार? एकाने काय केलं, कुंपणावर वाळत घातलेल्या नव्या कोऱ्या गोधडीवर भरदिवसा कोयता चालवला. आरपार, या टोकापासून त्या टोकापर्यंत. वर पडवीकडे बघून म्हणाला, "आता शिवा." काकी उठली. अंगणातला बसायचा धोंडा उचलून त्याच्या घरापर्यंत चालत गेली आणि त्याच्या नव्या मोटारसायकलचा दिवा, आरसे, मीटर फोडून परत आली. घाम पुसून बसली आणि ती चीर लाल दोऱ्याने, दुरून दिसतील अशा टाक्यांनी शिवली. मग ती गोधडी पुन्हा त्याच कुंपणावर, रस्त्याकडे तोंड करून टांगली. मुंबईहून बोटीने मांडव्याला उतरून गाडीने चाललेल्या एक बाई मुद्दाम थांबल्या. "हीच हवी. ही फारच युनिक आहे."

काकी म्हणाली, "त्याचं टकुरं बी असंच युनिक करनार व्हते. सापडला तर तुमाला दोन्ही जोडीनं देते."

बाई गाडीत बसल्या. आम्ही पोट धरून हसलो.

पण तिचं सगळंच हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं, आणि मला तिचं सगळं आवडत होतं असंही नाही. मारणाऱ्याला मारते इथवर ठीक. पण तिचा हात बायकांवरही उठायचा. टाका वाकडा गेला की चापट. रडत बसली की पाठीत धपाटा. मी एकदा म्हटलं, "काकी, घरी मार खाऊन येतात त्या, इथेही तेच?" तर माझ्याकडे बघून म्हणाली, "वैनी, तुमी गोळ्या देता, गोड लागतात काय त्या?" मला ते पटलं नाही.

सुवर्णा त्या सगळ्यांत लहान. तिचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा, सरळ. काकी तिला स्वतःच्या उजव्या हाताला बसवायची आणि तिने शिवलेल्या वेढ्यावरून उगाच बोट फिरवत राहायची. सुवर्णाचा नवरा नितेश, न्हावा-शेवा बंदरावर कंटेनरचा ट्रेलर चालवायचा. तो घरी नसला की सुवर्णा गाणी म्हणायची. रस्त्याला ट्रेलर उभा दिसला की तिच्या हातातला दोरा तुटायचा. एकदा त्याने तिचं बोट दारात चेंगरलं तेव्हा ती मुलीला, परीला, काखोटीला मारून काकीकडे राहायलाच आली. काकीच्या घरात त्या दिवसांत परीची धावपळ होती, आणि काकी चक्क चुलीपाशी बसून पेज भरवताना मी पाहिली आहे.

मग नितेश आला. पालीला जाऊन आला होता, हातात नारळ आणि प्रसाद. बल्लाळेश्वराची शपथ घेतली, परीसाठी आणलेला फ्रॉक दाखवला, रडला. सुवर्णा जायला तयार झाली. निघताना ती पडवीत निरोप घ्यायला आली, वाकून काकीच्या पायाला हात लावला, आणि उठते तोच काकीने तिच्या मुस्काटीत मारली. दुकानात त्या मलम न्यायला आलेल्याला मारली होती तशीच, पूर्ण हाताने. सुवर्णा भिंतीवर आदळली. परी किंचाळली.

"जा," काकी म्हणाली. "आता मेलीस तरी हिकडं फिरकू नको."

पडवीत एकही सुई हलली नाही. सुवर्णाने मुलीला उचललं आणि गेली.

त्यानंतर ती दुकानात यायची ती पुढून, पडवीकडे न बघता. एकदा दुखण्याच्या गोळ्या मागितल्या. कपाळावर टेंगूळ होतं. मी विचारलं, "काय झालं गं?"

"पडले, वैनी."

मागे पडवीत चाललेली बडबड एकदम बंद झाली. काकी बाहेर येईल असं मला वाटलं. ती आली नाही.

शिमगा होऊन गेला होता. दुपारची वेळ, रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. सुवर्णा धावत आली आणि माझ्या दुकानाच्या पायरीवर बसली. बसली म्हणजे कोसळलीच. पाठमोरी होती म्हणून मला आधी दिसलं: उजव्या खांद्यापासून पाठीवर खाली चीर, आणि साडी, पोलका सगळं भिजून पायरीवर ओघळ लागलेला. मी ओरडले. बायका पुढे आल्या. जखमेवर दाबायला कुणी गोधडी आणली, कुणी रिक्षाला धावलं. भिजलेली साडी पायात येत होती म्हणून ती सोडवली, फाटलेला पोलकाही काढला आणि तिला दुसऱ्या गोधडीत गुंडाळलं. तिला उचलायला काकी खाली वाकली.

आणि सुवर्णाने डावा हात वर करून तोंड झाकून घेतलं.

तिला वाटलं काकी मारणार. पाठ उघडी पडलेली, रक्त वाहतंय, आणि ही पोर काकीच्या हातापासून तोंड वाचवत होती. काकी तशीच वाकलेली राहिली. मग दोन पावलं मागे सरली. रिक्षात मी बसले आणि अजून एक जण. काकी आली नाही.

सरकारी दवाखान्यातून मी संध्याकाळी परतले. सुवर्णा वाचली होती, टाके पडले होते, हे सांगायला पडवीत गेले तर दोरीवर सुवर्णाचा पोलका वाळत होता. पांढराशुभ्र नाही, पण स्वच्छ. काकी उकळून वाळवलेली साडी मांडीवर घेऊन एकटी शिवत बसली होती. साडीवरची चीर तिने सांधत आणली होती, तांदळाच्या दाण्याएवढ्या टाक्यांनी. असे टाके घालताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. मला काहीच खटकलं नाही. कापड आलं की धुवायचं, फाटलं की शिवायचं. आमच्या कुणाच्याच डोक्यात दुसरं काही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदारीण बाई आल्या. नितेशच्या घरचे सांगत होते की सुवर्णा नारळ सोलायच्या पहारीवर पाठीवर पडली. बाईंनी विचारलं, "अंगावरचे कपडे कुठे आहेत? कापडावरून कळतं, कसा वार झालाय ते." काकीने घडी केलेली साडी आणून दिली. बाईंनी ती उलगडली, टाक्यांवरून हात फिरवला, वास घेतला. सोड्याचा वास येत होता.

"हे कुणी केलं?"

"मी," काकी म्हणाली.

"काकी, तुम्ही त्याचं काम केलंत. डॉक्टर लिहितील धारदार हत्याराने झालंय म्हणून, पण पोरगी म्हणतेय पडले. आता सगळं तिच्या जबाबावर आहे."

बाई गेल्यावर काकी हंड्यापाशी गेली आणि पायाने तो लोटून दिला. उकळतं पाणी तिच्या पायावर आलं. मी मलम घेऊन धावले तर म्हणाली, "र्‍हाऊ द्या. रिक्षा बोलवा."

दवाखान्यात सुवर्णा पालथी पडली होती, मान एका बाजूला वळवून. उशाशी स्टुलावर सासू, मांडीवर परी. पायाशी दीर. तिघंही काही करत नव्हते, नुसते होते, आणि सासूचा हात परीच्या मनगटावर घट्ट होता. सुवर्णाला तेवढंच दिसत होतं. हवालदारीण बाई कागद घेऊन विचारत होत्या आणि ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, "पडले. पहारीवर पडले." नवरा कुठे आहे म्हटलं तर दीर म्हणाला, "खाली चाय पीतोय. टेन्शनमधी हाय तो."

काकी खाटेपाशी गेली नाही. बाईंच्या समोर उभी राहिली.

"बाई, लिवा. हिला मारनाऱ्यांत आदी माजं नाव लिवा."

"काय?"

"हिराबाई. पडवीत, सगळ्यांच्या देखत हिच्या मुस्काटीत मारली मी. भिंतीवर जाऊन आदळली. ही पडली न्हवती, मी मारली. मला वाटलं, मारल्याबिगर हिला कळनार न्हाय." तिने बाईंच्या कागदावर बोट ठेवलं. "हिच्या नवऱ्याला बी तेच वाटतं. लिवा तुमी. मंग हिला इचारा."

"ए म्हातारे," दीर म्हणाला, "इदर ड्रामा नको. चल, निकल." आणि त्याने तिला ढकललं. काकी लोखंडी कपाटावर आदळली. तिचा हात वर गेला. तो हात मी ओळखत होते. इतक्या जवळ उभा असलेला माणूस त्याच्या टप्प्यातून सुटलेला मी कधी पाहिला नव्हता. हात हवेत होता आणि काकीची नजर सुवर्णाकडे गेली. पालथ्या पडलेल्या सुवर्णाने डोळे गच्च मिटून घेतले होते.

काकीने हात खाली घेतला. खाटेची दांडी धरली, इतकी घट्ट की खाट हलली. "बाय माजे," ती म्हणाली, "डोळे उघड. मी न्हाय मारत आता कुनाला."

दीर हसला, पण हवालदारीण बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्याने हसू गिळलं.

सुवर्णाने डोळे उघडले. "कोयत्यानं मारलं," ती म्हणाली. "नितेशनं. मी परीचं दूध तापवायला वाकले व्हते. पाठीमागनं मारलं."

सासू उठली. "काय बोलतीस तू? पोरीचा इचार कर!" परीला तिने छातीशी आवळलं आणि परी रडायला लागली. बाई लिहीत होत्या. लिहिता लिहिताच म्हणाल्या, "मूल आईजवळ द्या. आणि तुम्ही दोघं बाहेर थांबा." सासू हलेना. तेव्हा काकी तिच्यापुढे गेली. दोन्ही हात पुढे केले, तळहात वर. आजपर्यंत त्या हातांनी कुणापुढे असं काही मागितलं नसेल. सासूने एकदा बाईंकडे पाहिलं आणि परीला त्या हातांत सोडलं.

परी आईकडे झेपावत होती, पण जबाब पुरा व्हायचा होता आणि तिच्या रडण्यात सुवर्णाचा शब्द ऐकू येत नव्हता. "काकी, तिला भाईर न्या," सुवर्णा म्हणाली, "पन दाराम्होरंच बसा, मला दिसेल अशी."

काकी व्हरांड्यात, दाराच्या समोर फरशीवर बसली. भाजलेला पाय लांब केलेला, मांडीवर परी. परीला ती म्हातारी ओळखीची होती. पेज भरवणारीही होती आणि आईला भिंतीवर आपटणारीही. तिने मूठ वळली आणि काकीच्या तोंडावर मारली. मग दुसऱ्या हाताने. नाकावर, डोळ्यावर, गालावर, रडत रडत, जेवढं बळ होतं तेवढं लावून. मी परीचा हात धरायला पुढे झाले.

"सोडा वैनी," काकी म्हणाली. तिच्या नाकातून रक्ताची बारीक रेघ आली होती. आतून सुवर्णाचा आवाज येत होता, सलग, न अडखळता. काकीने तोंड बाजूला घेतलं नाही, उलट परीचा हात नीट पोचावा म्हणून मान थोडी खाली केली.

"मार, बाय," ती म्हणाली. "मार."